बिजलीची तयारी

बुधवार, रात्री

आज माझ्या बिजली घोडीनं परक्या माणसाला दात बघू दिले. बाजाराहून परतणारा एक पाहुणा आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या गोठ्यावर आला, अंगठ्यानं तिचा ओठ उचलला, आणि ती मान न झटकता उभी राहिली. लई बरं वाटलं. यंदा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तिला प्रदर्शनात उतरवायचं आहे, आणि घोडं जाणणारा माणूस वय विचारत नाही, तोंड उघडून बघतो. दुधाचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. बिजलीचे अजून सगळे दुधाचेच.

काका म्हणतात, तिला नाचायला शिकव, लोक टाळ्या वाजवतात. वरातीच्या घोड्याचं ठीक आहे. पण दोन वर्षांच्या जनावराला मागच्या पायांवर उभं करणं मला मुळीच पटत नाही. पुढच्या गुडघ्यावरचं हाड अजून वाढीला असतं, म्हणून तर पाठीवर खोगीरही चढवलेलं नाही. लांब दोरावर गोल पळवणंसुद्धा थोडकंच.

गर्दीत चारी खूर टेकवून गप उभं राहणं नाचण्याहून अवघड आहे. सकाळी खरारा झाला की तिला सपाट जागेवर नेते. पुढचा एखादा पाय नीट पडला नसेल तर त्याला हात लावत नाही. छातीला बोटांनी जरासं दाबते, ती अंग मागं घेते आणि पाय आपसूक सरकतो. नीट उभी राहिली की त्याच क्षणी दोर सैल. हरभरे नंतर, दावणीला गेल्यावर. हातात हरभरे असले की ती नुसती मूठ हुंगत बसते.

दुडकी चालवताना मी तिच्या खांद्याशी पळते. पुढून ओढलं की मान ताणते, चाल तुटते. सरळ लांब न्यायची, सरळ परत आणायची, म्हणजे बघणाऱ्याला पाय कसे पडतात ते कळतं. वळवताना तिला पलीकडं वळवायचं आणि आपण बाहेरून फिरायचं.

हलगीची सवय व्हावी म्हणून भाचा रोज पत्र्याचा डबा बडवतो, आधी बांधावर, मग हळूहळू जवळ. यात्रेत भंडारा उधळतात, म्हणून काल तिच्यासमोर चिमूटभर हळद उडवली. फुरफुरली, मागं सरली, मग नाकपुड्या फुगवून वास घेत पुढं आली. पिवळं नाक घेऊन माझ्या खांद्याला घासलं.

उद्या डॉक्टरांना फोन करायचा, ग्लँडर्सच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला. तो रोग माणसालाही होतो, आणि लागण पक्की निघाली तर जनावर राखता येत नाही. यात्रेत कुठकुठली घोडी एकाच हौदावर पाणी पितात. बिजलीची बादली मी घरूनच नेणार, काका काहीही म्हणोत.