शिकणारा पाळक: माझा अनुभव

चर्चच्या पाळकाला तोंडावर काही सांगणारं माणूस मंडळीत सहसा सापडत नाही. उपासना संपली की दारात हात मिळवताना जो तो "आशीर्वाद मिळाला, पास्टर" म्हणतो आणि घरी जातो. सेवेत वर्षं सरतात तसं हे वाढतच जातं. धुळ्यातल्या आमच्या मंडळीत मला हे फार खुपू लागलं, म्हणून पंचांशी बोलून मी एक पद्धत सुरू केली. रविवारचा संदेश आधीच्या गुरुवारी चार जणांसमोर मांडायचा आणि त्यांचं ऐकायचं.

माणसं मुद्दाम वेगवेगळी घेतली: एक निवृत्त शिक्षक, दवाखान्यातल्या एक सिस्टर, नवापूरकडून कॉलेजसाठी आलेला मावची या आदिवासी समाजातला तरुण, आणि साक्रीकडच्या गावातून येणाऱ्या, स्वतः शेत कसणाऱ्या एक मावशी.

सुरुवातीच्या बैठकांत सगळे नुसतं "छान" म्हणत. मग नियम केला. न कळलेली किंवा न पटलेली एक तरी गोष्ट प्रत्येकाने सांगायचीच, आणि मी उत्तर द्यायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. हे दुसरं फार जड गेलं. बोलणं हेच ज्याचं काम, त्याच्या जिभेवर खुलासा तयारच असतो. सिस्टर म्हणाल्या, "खाटेजवळ तुमची प्रार्थना लांबते, पेशंट थकतो. पण पाळकांना सांगणार कोण?" मी लिहून घेतलं. आता आजाऱ्याची अवस्था आधी सिस्टरांना विचारतो आणि प्रार्थना थोडक्यात करतो.

सर्वांत जास्त शिकलो ते बायबलमधल्या मत्तय 13 मधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर. त्यात येशू सांगतो की पेरणाऱ्याचं काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत पडतं. मी वाचून दाखवलं, तर मावशींचा पहिलाच प्रश्न, "पास्टर भाऊ, कपाशी कोन फेकस?" खरंच, आमच्याकडे सरकी टोचून लावतात, तरुण पोरांना मूठ भरून बी फेकणारा शेतकरी डोळ्यांपुढे येईलच असं नाही. मावशींनी मग वाफ्यात मेथी कशी फोकतात ते हात फिरवून दाखवलं. कितीही जपलं तरी थोडं बी पायवाटेवर जातंच, म्हणाल्या. खडकाळ जागेचं तर त्यांनी असं सांगितलं की मी लिहितच राहिलो. वर बोटभर माती, खाली मुरूम. तिथलं रोप आधी वर येतं आणि बघणाऱ्याला तेच जोमाचं वाटतं. पावसाने उघडीप दिली की मान टाकणारंही तेच पहिलं. बायबलचा अर्थ उलगडणारे टीकाग्रंथ मी चाळले होते, पण झटपट उगवण्यावर भाळू नये हे मला मावशींच्या शेतातून कळलं. रविवारी तो भाग त्यांनाच सांगायला लावला, त्यांच्या अहिराणीत. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माना डोलवत होत्या.

या काळात बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 18 वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात आणि शास्त्रात तरबेज; पण त्याला फक्त योहानाचा, म्हणजे येशूच्या आधीचा पश्चात्तापाचा, बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला हे तंबू शिवणारं जोडपं. त्यांनी त्याला आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. शिकवणाऱ्यांत एक बाई होती, हे आपल्या मंडळ्यांनी विसरू नये. आणि तो ऐकून थांबला नाही. पुढे अखयात, म्हणजे ग्रीसमध्ये, जाऊन विश्वासणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग झाला. मोशेनेही न्यायनिवाड्याच्या कामात सासऱ्याचं, इथ्रोचं ऐकलं, तेही देवाशी समोरासमोर बोलणारा असून.

मावची तरुण आता अधूनमधून त्याच्या गावी स्वतःच्या भाषेत संदेश देतो. त्याआधी तो आमच्या बैठकीत मांडतो आणि वही त्याच्या हातात असते.

नंदुरबारकडच्या एका पाळकाने ही पद्धत कशी सुरू करावी म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं: ज्यांची नोकरी किंवा पद तुमच्या शब्दावर अवलंबून आहे, त्यांना या चौघांत घेऊ नका. शेतात राबणारी एक बाई असू द्या. आणि पहिले काही महिने खुलासा देऊ नका, कितीही वाटलं तरी.