आमची वाटचाल : दुकानातल्या सर्व्हरपासून एका इमेजपर्यंत

सांगली मार्केट यार्डातल्या हळद आणि बेदाण्याच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. आवक, सौदे, हमाली-तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळं त्यात येतं. पूर्वी सर्व्हर गिऱ्हाइकाच्या दुकानातच असायचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शिरलं, आणि गल्ल्याशेजारी मशीन ठेवण्यात अर्थ नाही हे सगळ्यांनाच पटलं. आता प्रत्येक पेढीचा सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये चालतो, आणि सगळे सर्व्हर पॅकर या साधनाने बनवलेल्या एकाच इमेजमधून, म्हणजे सर्व्हरच्या तयार साच्यातून, उभे राहतात.

त्यामुळे इमेजमध्ये एखादी नको असलेली डिस्क शिरली, की ती प्रत्येक पेढीच्या गळ्यात पडते. ईबीएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या डिस्कचं, बिल मागितलेल्या जागेवर लागतं, वापरलेल्या नाही. ३० जीबीची कोरी डिस्क आणि काठोकाठ भरलेली डिस्क, पैसे सारखेच.

अशी डिस्क बहुतेक वेळा नावाच्या घोळातून येते. ॲमेझॉन लिनक्सच्या इमेजमध्ये रूट डिस्कचं (जिच्यावरून मशीन सुरू होतं तिचं) नाव /डेव्ह/एक्सव्हीडीए असतं, उबुंटूच्या इमेजमध्ये /डेव्ह/एसडीए१. रूट ८ जीबीची ३० जीबी करायची म्हणून ॲमेझॉन लिनक्सच्या टेम्प्लेटमध्ये (इमेज कशी बनवायची ते पॅकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये) एसडीए१ लिहिलं, तर रूट आठच राहते आणि ३० जीबीची दुसरी डिस्क शेजारी जोडली जाते. बिल्ड सुरळीत पार पडतो, एररही दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी रूट भरते तेव्हा लोक लॉग साफ करत बसतात आणि ३० जीबी शेजारी रिकामीच पडलेली असते. म्हणून टेम्प्लेटला हात लावण्याआधी मूळ इमेजवर डिस्क्राइब-इमेजेस ही ॲमेझॉनची कमांड चालवून ‘रूट डिव्हाइस नेम’ बघायचं, आणि तेच नाव अक्षरन् अक्षर उतरवायचं.

दुसरी वाट बिल्डच्या वेळच्या तात्पुरत्या डिस्कची. पॅकरमध्ये मॅपिंगचे, म्हणजे कोणत्या नावाने कोणती डिस्क जोडायची त्या यादीचे, दोन ब्लॉक आहेत. ‘लाँच’ने सुरू होणारा ब्लॉक बिल्डच्या मशीनसाठी, ‘एएमआय’ने (ॲमेझॉनच्या भाषेत इमेज) सुरू होणारा ब्लॉक तयार होणाऱ्या इमेजसाठी. नेहमीच्या ईबीएस बिल्डरमध्ये मशीनला जोडलेली प्रत्येक ईबीएस डिस्क, वगळायला सांगितली नाही तर, स्नॅपशॉटसकट (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीसकट) इमेजमध्ये जाते. ती वगळायची तर एएमआयच्या ब्लॉकमध्ये त्याच डिव्हाइस नावाखाली ‘नो डिव्हाइस’ ट्रू करायचं. इथे एलएसबीएलके ही डिस्कची यादी देणारी कमांड दाखवते ते एनव्हीएमई१एन१ हे नाव चालत नाही. मॅपिंगमधलं, म्हणजे /डेव्ह/एसडीएफसारखं नावच द्यावं लागतं. शिवाय लाँच ब्लॉकमध्ये ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ ट्रू करायचं. पॅकर ते आपणहून फॉल्स धरतो, आणि मग बिल्ड संपल्यावर ती डिस्क ‘अव्हेलेबल’ अवस्थेत बिल खात पडून राहते.

उबुंटूच्या इमेजमधून एसडीबी आणि एसडीसी ही ‘इफेमरल’ मॅपिंगही वारशाने येतात. टी३ सारख्या मशीनला इन्स्टन्स स्टोअरच (मशीनची स्वतःची तात्पुरती डिस्क) नसतं, त्यामुळे तिथे ती निरुपद्रवी. त्यांच्यासाठी इमेज नव्याने बनवण्याची घाई नको, पुढच्या बिल्डला काढली तरी चालतं. एफएसटॅब, म्हणजे मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ती फाइल, मात्र नीट तपासा. नसलेल्या डिस्कची हाताने लिहिलेली ओळ ‘नोफेल’शिवाय (डिस्क नसली तरी पुढे जा, या सूचनेशिवाय) राहिली, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि एसएसएचने दुरून लॉगिनही होत नाही. ओळ ठेवायचीच असेल तर यूयूआयडीने (फाइल सिस्टीमच्या कायम ओळख-क्रमांकाने) लिहा, कारण एनव्हीएमईचे क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतात.

पुष्कळ जण बिल्डमध्येच डिस्क अनमाउंट करतात, एफएसटॅबमधली ओळ काढतात आणि तरीही नव्या सर्व्हरला डिस्क लागलेलीच दिसते. मॅपिंग डिस्कच्या आत नसतं, इमेजच्या नोंदणीत असतं. रानातलं पीक काढलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव जात नाही, तसंच हे. नोंदलेल्या इमेजचं मॅपिंग नंतर बदलताही येत नाही. एकतर नवा बिल्ड करायचा, नाहीतर रूटचा स्नॅपशॉट घेऊन फक्त त्याच मॅपिंगसह रजिस्टर-इमेज या कमांडने नवी इमेज नोंदवायची.

हळदीचा हंगाम तोंडावर आला की नवे सर्व्हर भराभर लागतात, तेव्हा हे हाताने तपासणं जमत नाही. आमच्या बिल्डच्या शेवटी एक तपासणी आहे. ती नव्या इमेजमधली मॅपिंग मोजते, आणि रूटशिवाय दुसरं काही सापडलं तर बिल्ड नापास करते.

चालू सर्व्हरवरची जादा डिस्क काढताना आधी एलएसबीएलके -एफ बघा. फाइल सिस्टीम दिसली तर कुणीतरी तिथे बॅकअप ठेवलेला असू शकतो. जुनी इमेज डीरजिस्टर केल्याने चालू सर्व्हरना धक्का लागत नाही, पण तिचे स्नॅपशॉट वेगळं सांगितल्याशिवाय जात नाहीत आणि त्यांचं बिल चालूच राहतं. इमेज नोंदणीत असेपर्यंत ते पुसताही येत नाहीत. म्हणून आधी स्नॅपशॉटचे आयडी टिपून घ्यायचे, मग इमेज डीरजिस्टर करायची आणि त्यानंतर स्नॅपशॉट काढायचे.