कूबर पीडीत सात आठवडे: निजायला खोली शोधताना

फेब्रुवारीच्या अखेरीपासून सात आठवडे दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पीडीच्या रुग्णालयात रात्रपाळी करण्याचे कंत्राट मी स्वीकारले, तेव्हा ‘निवासाची सोय उपलब्ध’ या तीन शब्दांवर मी वाजवीपेक्षा अधिक विश्वास टाकला होता. ॲडलेड सोडण्याच्या बारा दिवस आधी मला परिचारिका पुरवणाऱ्या एजन्सीकडून कळले की ही सोय केवळ पहिल्या दहा दिवसांची आहे, तीही कॅरॅव्हॅन पार्कमधील केबिनमध्ये, आणि पुढचे आपले आपण पाहायचे आहे. भाड्यापोटी ठरावीक भत्ता मिळणार होता. खोली मात्र मीच शोधायची होती.

शहरात अशी अडचण आली तर माणूस शेजारच्या उपनगरात खोली पाहतो. कूबर पीडीला शेजारच नाही. ॲडलेडपासून उत्तरेकडे ८४६ किलोमीटरवर, स्टुअर्ट महामार्गाच्या कडेला वसलेले हे ओपल या रत्नाच्या खाणींचे गाव जेमतेम दीड हजार वस्तीचे आहे, आणि दक्षिणेकडून येताना त्याआधीचे ठिकाण म्हणजे ग्लेंडॅम्बो हा अडीचशे किलोमीटर अलीकडचा पेट्रोलचा थांबा. मधल्या टप्प्यात ना पंप, ना घर. त्यामुळे गावातील खोल्या भरल्या की त्या भरल्याच.

इथे राहण्याचे प्रकार किती आणि कोणते, हे मी आधी वहीत लिहून काढले. पहिला प्रकार प्रसिद्ध आहे: वालुकाश्माच्या टेकडीत खोदलेल्या भूमिगत खोल्या. डेझर्ट केव्ह हॉटेलात खाली आणि वर अशा दोन्ही तऱ्हांच्या खोल्या मिळतात. लुकआउट केव्ह आणि राडेका ही भूमिगत खोल्यांची आणखी दोन ठिकाणे. जमिनीवरच राहायचे असेल तर चेपलेल्या मातीच्या जाड भिंतींचे मड हट मोटेल आहे, नेहमीच्या धर्तीची मोटेले आहेत आणि कॅरॅव्हॅन पार्कांतील केबिनी आहेत. विल्यम क्रीकच्या रस्त्यावर रीबाज नावाचे ठिकाण आहे, जिथे चक्क जमिनीखालच्या दालनात आपला तंबू ठोकून राहता येते. शेवटचा प्रकार इंटरनेटवर सहसा सापडत नाही, तो म्हणजे स्थानिक लोकांच्या ‘डगआउट’मध्ये, म्हणजे टेकडीत कोरलेल्या घरात, भाड्याने मिळणारी एखादी खोली.

पर्यटकांचे अभिप्राय वाचून मला काहीही उपयोग झाला नाही, कारण ते एका रात्रीसाठी येतात आणि गुहेत झोपल्याची गंमत सांगून निघून जातात. मला रात्रभर जागून सकाळी आठला झोपायचे होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन करून मी चारच प्रश्न विचारले: दिवसा खोली सफाईसाठी उघडावी लागते का, आठवड्याचा वेगळा दर आहे का, खोलीत मोबाइलची रेंज येते का, आणि स्वयंपाकाची काय सोय आहे. दुसऱ्या प्रश्नाचा लाभ लगेच झाला, कारण संकेतस्थळावर फक्त रात्रीचा दर असतो आणि लांब मुक्कामाचा दर तोंडाने विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तिसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेकजण हसले.

इथे घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी चंद्रपूरची. माझे वडील वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भूमिगत कोळसा खाणीत सत्तावीस वर्षे उतरले, आणि कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पाळी संपण्याच्या सुमारास एकच प्रश्न असे, “बाबा वर आले का?” मी स्वतःहून खाणीत झोपायला जाणार, हे ऐकून आईने फोन बाबांच्या हाती दिला. त्यांनी रागावण्याऐवजी चौकशी सुरू केली. छताला टेकू कशाचे दिले आहेत? वायू साठतो का? दुसरा रस्ता आहे का? मला यातले काहीच ठाऊक नव्हते, म्हणून पुढच्या फोनवर मी हेच प्रश्न एका मोटेलच्या मालकीणबाईंना विचारले आणि त्यांनी ते अत्यंत गांभीर्याने घेतले. इथला खडक कोळशाच्या थरासारखा नाही. तो वालुकाश्म आणि गाळखडक आहे, कोरायला मऊ असला तरी स्वतःचा भार एवढा पेलणारा की बेतशीर रुंदीच्या दालनाला खांबही लागत नाही. कोळसाच नसल्यामुळे कोळशाच्या खाणीतला तो वायूही नाही. हवेसाठी छतातून टेकडीच्या माथ्यापर्यंत उभी भोके पाडलेली असतात आणि त्यांवर पत्र्याच्या टोप्या बसवलेल्या असतात. बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग जा. पण दाराजवळची खोली घे.”

बस ॲडलेडहून संध्याकाळी निघते आणि पहाटे पाचच्या सुमारास कूबर पीडीला पोहोचवते. केबिनचे चेक-इन दुपारी दोनला होते. हे गणित मी तिकीट काढताना केलेच नव्हते, आणि जो कोणी बसने जाणार असेल त्याने ते आधी करावे: आदल्या रात्रीचे भाडे भरून किल्ली कुलपाच्या पेटीत ठेवायला सांगावी, नाहीतर सामानासह काळोखात बसावे लागते. मी दोन तास बसले. उजाडल्यावर हचिसन स्ट्रीट या मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या-गुलाबी मातीचे ढीग, टेकड्यांतून डोकावणारे हवेचे पाइप आणि दारापाशी उभ्या गंजक्या यंत्रांची रांग दिसली. घरे फारशी दिसेनात, कारण निम्मे गाव टेकड्यांच्या पोटात होते. १९१५च्या फेब्रुवारीत सोने शोधायला आलेल्या एका टोळीतील विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडला. रस्त्याला त्याच आडनावाची ओळख आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक खोदकामाला आले आणि खंदकांत राहण्याची सवय त्यांनी इथे घरे कोरण्यात वापरली, असे सांगतात. ओपल हा शब्द आपल्या ‘उपल’वरून आला असे मानतात, ही माहिती मी तिथल्या दोन दुकानदारांना सांगितली, दोघांनाही ती आधीच ठाऊक होती.

केबिनविषयी थोडक्यात सांगते. ती स्वच्छ होती, तिच्यात गॅसची शेगडी होती आणि मी पहिल्याच दिवशी खिचडी लावू शकले. पण पातळ भिंतींच्या त्या पेटीत सकाळी आठला झोपणे म्हणजे उन्हाशी शर्यत लावणे होते. अकरापर्यंत पत्रा तडतडू लागे, दुपारी बाहेर ४१ अंश, एअर कंडिशनरची घरघर अखंड, आणि पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ गादीवर सरकत माझ्या डोळ्यांपर्यंत पोहोचे. मी चंद्रपूरच्या मे महिन्यात वाढलेली मुलगी आहे. उकाडा मला नवा नाही. रात्रभर जागून त्या उकाड्यात दिवसा झोपणे मात्र मला कधी करावे लागले नव्हते. चौथ्या रात्री औषधाचा डोस भरताना मी आकडा तीनदा तपासला, तेव्हा मला कळले की मला हौसेसाठी नव्हे तर कामासाठी जमिनीखाली जायला हवे.

दहा दिवसांनंतर एका भूमिगत मोटेलमध्ये तीन आठवड्यांसाठी खोली मिळाली. ती दाराजवळची नव्हती, पण बाबांना मी ते सांगितले नाही. भिंती गुलाबी, मधूनच फिक्या पिवळ्या पट्ट्यांच्या, आणि त्यांवर खोदयंत्राच्या दातांनी उमटवलेल्या अर्धवर्तुळाकार रेघा होत्या. हाताने कोरलेल्या जुन्या खोल्यांत टिकावाचे घाव दिसतात; यंत्राच्या खोल्या या रेघांवरून ओळखू येतात. धूळ झडू नये म्हणून खडकावर पारदर्शक लेप दिलेला असतो, तरी पांढरी भुकटी उशीवर येतेच. बाहेर काहीही असो, आत २३ ते २५ अंश तापमान, पंखासुद्धा नाही. दिवा मालवल्यावर जो काळोख होतो त्याला आपल्याकडे डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही असे म्हणतात, आणि आवाज तर स्वतःच्या श्वासाचा तेवढा. त्या सकाळी मी साडेआठला झोपले आणि दुपारचे सव्वाचार वाजले तेव्हा गजराने उठले. सात वर्षांच्या रात्रपाळ्यांत अशी झोप मला लागलेली नव्हती.

अडचण निघाली ती तिसऱ्या प्रश्नातून. खडकाखाली रेंज नाही, आणि सुट्टीच्या दिवशी मी ऑन-कॉल असे, म्हणजे बोलावणे आले की अर्ध्या तासात हजर होणे आवश्यक होते. मोटेलचे वायफाय चाले, पण पाहुणे वाढले की मंदावे, आणि वायफायवरून फोन लागेल यावर रुग्णाचा जीव टांगून ठेवता येत नाही. शेवटी स्वागतकक्षातील दूरध्वनीचा क्रमांक रुग्णालयात नोंदवला, तिथून माझ्या खोलीतल्या फोनवर जोडून देण्याची व्यवस्था झाली, आणि स्वागतकक्ष बंद असतो त्या वेळी ऑन-कॉल असेन तर मी दाराजवळच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपायचे असे ठरले. बाबांचे संदेशही मला वर आल्यावरच एकदम मिळत. भारत तेव्हा पाच तास मागे होता. मी उठे तेव्हा तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असत. आई काळजी करी, बाबांना मात्र यात वावगे काहीच वाटले नाही. खाली गेलेल्या माणसाशी बोलता येत नाही, हे त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून धरलेले होते.

मुक्काम आणखी वाढवायचा आहे, असे मी ईस्टरच्या दोन आठवडे आधी सांगितले आणि मला तोंडी होकार मिळाला. चूक इथे झाली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. ईस्टरच्या सुट्टीपासून ऊन उतरते आणि पर्यटकांचा हंगाम सुरू होतो. कॅरॅव्हॅन घेऊन निघालेले निवृत्त लोक, शाळेच्या सुट्टीतली कुटुंबे, सगळे एकदम येतात. माझी खोली संगणकावरून दुसऱ्या कुणाच्या नावे गेली होती. मालकांनी क्षमा मागितली, भरलेले पैसे परत केले, पण खोली देणे त्यांच्याही हाती नव्हते. लेखी पुष्टी घेतली असती तर ही वेळ आली नसती.

ते तीन दिवस मी भूमिगत तंबूतळावर काढले. रुग्णालयातल्या एका सहकाऱ्याने तंबू आणि गादी दिली, दुसरी मला पाळीनंतर गाडीने सोडत असे. कोरलेल्या दालनात, वाऱ्याचा मागमूस नसताना, तंबूच्या दोऱ्या ताणून बसणे मला हास्यास्पद वाटले. झोप मात्र तिथेही उत्तम लागली. स्वच्छतागृह वर होते, एवढाच त्रास.

पुढची खोली सुपरमार्केटच्या फलकावर चिकटवलेल्या हस्तलिखित चिठ्ठीतून मिळाली. मालक सत्तरी ओलांडलेले, क्रोएशियातून तरुणपणी आलेले ओपल खोदणारे. त्यांच्या डगआउटची एक बाजू रिकामी होती. इथल्या बहुतेक डगआउटांप्रमाणे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टेकडीच्या तोंडाशी, म्हणजे उजेडात आणि सांडपाणी वाहून नेता येईल अशा जागी होते, आणि झोपायच्या खोल्या आत. बाबांची अट अखेर अशी निम्मी पाळली गेली. भाडे मोटेलच्या निम्म्याहून कमी, पण पाण्याचा हिशेब वेगळा, आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी समजावून दिला: गावाबाहेर सुमारे २५ किलोमीटरवरच्या कूपनलिकेतून खारे पाणी आणून, क्षार काढून ते पुरवतात, त्यामुळे नळ उघडा ठेवून भांडी विसळणारी भाडेकरू त्यांना चालत नाही. मी बादलीत भांडी धुते हे पाहून त्यांनी आठवड्याभरात मीटर बघणे सोडून दिले. संध्याकाळी कामावर निघताना ते दारात बसलेले असत आणि एकच सूचना करीत: वाट सोडू नकोस. उघड्या खाणींची तोंडे गावाबाहेर सगळीकडे आहेत, ती बुजवलेली नाहीत, आणि फोटो काढताना मागे पाऊल टाकू नका असे फलक तिथे जागोजागी आहेत.

कंत्राट संपले तेव्हा माझ्या जागी येणाऱ्या परिचारिकेचा ॲडलेडहून फोन आला. तिलाही दहाच दिवसांची सोय मिळाली होती. मी तिला मालकांचा क्रमांक दिला, भाडे सांगितले, पाण्याचे सांगितले, अनामत रकमेची पावती हाताने लिहून घ्यायला सांगितले. रेंजविषयी तिने विचारलेच. स्वयंपाकघरात, खिडकीच्या डाव्या बाजूला, फ्रीजवर फोन उभा ठेवला तर दोन काड्या येतात. झोपायच्या खोलीचे दार उघडे ठेवले की तिथली घंटा आत ऐकू जाते, असे मी तिला सांगितले.