वीतभर खाली कोरडं

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बी ब्लॉकमधल्या काकूंचा फोन आला. "अगं, परत सुरू झालं बघ. खिडक्या लावून बसलोय तरी देवघरापर्यंत वास येतोय." मला रडूच फुटायचं बाकी होतं. आठ महिन्यांपूर्वी कॉलनीच्या एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाला, खताचा बायोफिल्टर बसवला, तेव्हा मीटिंगमध्ये त्याची बाजू मीच लावून धरली होती.

सडक्या अंड्यांसारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. सांडपाणी तुंबून त्यातला प्राणवायू संपला की काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि हा वायू सोडतात. सुगंधी फवारा मारला तर वासावर वास चढतो, एवढंच. बायोफिल्टर तो वायूच संपवतो. टाकी झाकायची, आतली हवा ब्लोअरने ओढून घ्यायची आणि ओलसर खताच्या थरातून खालून वर सोडायची. खताच्या कणांवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यात वायू विरघळतो आणि तिथले जिवाणू त्याचं सल्फेट करून टाकतात. आमचा वाफा 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल. ब्लोअर तासाला 360 घनमीटर हवा सोडतो. म्हणजे हवेला वाफ्यात साधारण एक मिनिट मिळतं, आणि तेवढं पुरतं. पण ती खतातून गेली तर!

दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीपीवर गेले. "दीदी, पानी तो रोज़ डालते हैं," ऑपरेटर म्हणाला, आणि वरचा थर खरंच ओला होता. खुरप्याने वीतभर उकरलं तर खाली नुसती भुकटी. पतंगाच्या कागदाची पट्टी वाफ्यावर धरून फिरवली. मधोमध ढिम्म, भिंतीलगत फडफड. वाळलेलं खत आकसून भिंतीपासून सुटलं होतं आणि सगळी हवा त्या फटीतून सरळ बाहेर येत होती. खालून येणारी तापलेली हवा तळापासून खत वाळवते, आणि आम्ही वरून झारीने पाणी घालत बसलो होतो. शिवाय ठेकेदाराने कुंडीत घालतात तसं बारीक चाळलेलं खत भरलं होतं. ते दबून घट्ट बसलं.

सगळं उपसलं. निम्मं खत, निम्मे लाकडाचे जाड तुकडे असं मिश्रण भरलं. जुन्यातली चार घमेली विरजणासारखी नव्यात मिसळली, कारण वायू खायला सरावलेले जिवाणू त्यातच होते. हवा आता आधी पाण्याच्या फवाऱ्यातून जाते आणि ओली होऊनच वाफ्यात शिरते. ऑपरेटर दर सोमवारी खोलवरचं मूठभर खत काढून दाबून पाहतो. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. तीन आठवड्यांत वास ओसरला.

हे करताना सारखे यशवंत वाड आठवत होते. 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदुरात होते. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून तीनेक महिन्यांत खत करायची 'इंदूर पद्धत' त्यांनी इथेच बसवली, आणि त्या कामात वाड त्यांच्या बरोबरीने होते. हॉवर्डचं नाव जगभर घेतलं जातं, वाडांचं इंदुरातल्या मराठी घरांतही कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. ओल हवी, पण ढीग चिंब होऊन आतली हवा कोंडता कामा नये, हे त्या पद्धतीचं मर्म. आमचा वाफाही तेवढंच मागत होता.

एक काळजी मात्र कायमची आहे. वायूचं सल्फेट होतं म्हणजे खतात गंधकाम्ल साठत जातं आणि वाफा आंबट होतो. म्हणून खालून निथळणारं पाणी आम्ही पीएच पट्टीने तपासतो. फार आंबट झालं तर भरपूर पाण्याने धुऊन चुनखडीचा चुरा मिसळायचा. आणि ऑपरेटरला बजावून ठेवलंय की, वास यायचा थांबला म्हणून टाकीत डोकावू नकोस. हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि तो जीव घेतो.

खत कुजून बसत जातं, त्यामुळे काही वर्षांनी वाफा पुन्हा भरावा लागणार. इंदुरात कोणाच्या कॉलनीत झाडांची छाटणी निघाली तर जाड फांद्या फेकू नका, मला कळवा. गाडी घेऊन मी येते.