जवसाचा लोफ, प्रयत्न सातवा: उंची आली, पण वास…

आधी आनंदाची बातमी: ब्रेडचा लोफ फुगला! मागच्या सहांना वीट म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. बदल एकच केला. पिठाच्या ५ टक्के जवसाचं तेल पाण्याबरोबर न घालता विंडोपेन आल्यावर (म्हणजे गोळा ताणला की न फाटता पातळ, आरपार दिसणारा पडदा व्हायला लागल्यावर) थोडं थोडं मळत गेले. तेल आधी घातलं की ते प्रथिनांना माखतं आणि ग्लुटेनची जाळी नीट विणलीच जात नाही. गोळा दोन मिनिटं नुसता सुळसुळत होता, मग तेल पिऊन गप्प बसला. क्रंब, म्हणजे आतला गाभा, मऊ, कापताना भुगा नाही. पहिल्या दिवशी ‘यात काय घातलंयस?’ असं घरात कुणी विचारलंही नाही. मला एवढं प्रशस्तिपत्रक पुरे.

तिसऱ्या दिवशी डबा उघडला, तर ताज्या रंगवलेल्या दाराचा वास.

योगायोग नाही हा. तैलरंगांत हेच तेल असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३, म्हणजे हवा लागली की बिघडायला टपलेलं. मी मात्र खापर ओव्हनवर फोडलं. २३० वरून २०० अंशांवर आले, तरी वास तोच. मग लोफमध्ये थर्मामीटर खुपसला: मध्यभागी ९६. आत ओल आहे तोवर तापमान शंभरी गाठत नाही, तेव्हा क्रंबमधलं तेल काही ओव्हनने जाळलेलं नव्हतं. शेवटी बाटलीतलं तेल चमच्याने चाखलं. कडू! पारदर्शक बाटली, उघडून दोन महिने झालेले, तीही ओट्यावर उजेडात. यीस्ट ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारी मी, तेल एकदाही चाखलं नाही. (आणि हे तेल पारदर्शक बाटलीत विकायचं कुणाच्या डोक्यातून निघतं?)

तर आता गडद काचेची छोटी बाटली, तीही फ्रीजमध्ये… असं लिहितालिहिता वाटतंय, तेल हवंच कशाला? बीमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतंच, आणि सालाच्या आत ते सुखरूप राहतं. पिठाच्या १२ टक्के जवस ऐनवेळी दळलं की हिशेब तोच. मिक्सर तापू न देता, थांबत थांबत. अख्खं घालण्यात अर्थ नाही, बरंचसं न पचताच बाहेर पडतं. दळलेलं जवस पाणी ओढून बुळबुळीत होतं, म्हणून तिप्पट पाण्यात वेगळं भिजवेन आणि हायड्रेशन, म्हणजे पिठाला लागणाऱ्या पाण्याचं प्रमाण, नंतर बघेन. सालाचे कण ग्लुटेन कापतील, थोडी उंची जाईल. जाऊ दे.

आठव्यासाठी बिया काढून ठेवल्यात. या वेळी आधी चावून पाहिल्या. कडू नाहीत.