ताडपत्री

मृग लागण्याआधी गच्चीच्या पश्चिमेकडील दारावर ताडपत्री बांधणे हे वडिलांकडून माझ्याकडे वारशाने आलेले बहुधा एकमेव काम आहे. ते सुतळी वापरीत, मी नायलॉनची दोरी वापरतो, आणि दोघांच्याही गाठी आर्द्रा संपायच्या आत सुटलेल्या आहेत. यंदा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत नवी ताडपत्री घेताना दुकानदाराने एक कोपरा माझ्या हातात दिला, दुसरा स्वतः ओढून धरला आणि कडेची पितळी कडी दाखवीत गंभीरपणे सांगितले, "कापड काय फाटत न्हाय, कडी निसटती बघा."

या कापडाकडे पाहिले की मला हमखास प्लासी आठवते. २३ जून १७५७ रोजी, ऐन दुपारी, आंबराईशेजारच्या त्या रणांगणावर पावसाची मोठी सर कोसळली. क्लाइव्हच्या माणसांनी तोफांची दारू ताडपत्र्यांखाली झाकली. नवाबाच्या सैन्याची दारू मात्र उघड्यावर भिजली. आपल्यासारखीच इंग्रजांचीही दारू निकामी झाली असणार, या हिशेबाने मीर मदन चालून गेला आणि कोरड्या दारूच्या माऱ्यात मारला गेला. मीर जाफरची फितुरी नसती तर एवढ्याने राज्य गेले नसते, हे खरे. तरीही बंगालच्या त्या दुपारचा थोडासा हिशेब तरी कोणा अनाम माणसाने वेळेवर ओढलेल्या कापडाच्या नावावर मांडावा लागतो.

आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिवसात जोतिबाचा डोंगर दिसतो. तो दिसेनासा झाला की दहा-पंधरा मिनिटांत सर गावात येते. त्याच अंगाला पन्हाळा. पावसाळ्यात मोहीम थांबवायची, फौजांनी छावणी करायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. (आजही दसरा चौकात सोने लुटताना आपण शस्त्रांइतकाच उघडलेल्या आभाळाचाही सण साजरा करीत असतो, असे मला वाटते.) मार्च १६६० पासून पन्हाळ्याला वेढा घालून बसलेल्या सिद्दी जौहरने ही रीत मोडली. पाऊस आला की वेढा आपोआप उठेल, हा गडावरचा भरवसा त्याने खोटा ठरवला. लष्करासाठी छपरे उभारून तो भर पावसात तिथेच राहिला, असे सांगतात. शत्रूचा म्हणून त्याचे हे चोख काम आपण फारसे लक्षात ठेवत नाही.

मात्र छपराखाली कोरडा बसलेला पहारेकरी बाहेर किती वेळ डोळे लावून राहील, हा प्रश्न उरतोच. जुलैतल्या आषाढी पौर्णिमेच्या रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे माणसांनिशी गडाबाहेर पडले. आभाळ मोकळे असते तर त्या चांदण्यात दोन पालख्यांचा डाव साधणे अवघड होते; शिवा काशीद यांच्या बलिदानाला आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेल्या झुंजीला जो अवधी लाभला, त्यात त्या ढगांचाही वाटा होता. चिखल, ओढे, रान यांतून महाराज दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले.

याच दोन गडांमधला उलटा प्रवास फार कमी लोकांना ठाऊक असतो. जून १७०२ मध्ये विशाळगड हाती आल्यावर औरंगजेब भर पावसात पन्हाळ्याकडे निघाला. त्याची वाट थोडी निराळी, आंब्याच्या घाटाची होती; पण पाऊस तोच होता. त्र्याऐंशी वर्षांचा बादशहा, तोफा, हत्ती, उंट, डेरे, बाजार असा सगळा संसार ओढ्या-ओढ्याला अडत गेला, जनावरे वाहून गेली, आणि पन्हाळा गाठायला त्याला ३८ दिवस लागले. पाऊस मराठ्यांच्या बाजूने लढला, असे आपण अभिमानाने म्हणतो. मला ते पटत नाही. जौहरच्या वेढ्यात तोच पाऊस पन्हाळ्यावरही पडत होता.

कॉलेजात असताना आम्ही सातजण जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत गेलो होतो. पाठीवर सॅक, तिच्यावर प्लॅस्टिक, अंगात रेनकोट, शिवाय एका मित्राच्या आईने दिलेला स्टीलचा चार पुडांचा डबा. मसाई पठार ओलांडल्यावर तांबड्या चिखलाने माझा एक बूट पायातून असा ओढून घेतला की तो काढायला दोघांना वाकावे लागले. आमची ती खटपट चालू असताना घोंगड्याची खोळ डोक्यावर घेतलेले एक म्हातारबाबा अनवाणी, दोन म्हशी हाकीत शेजारून निघून गेले. पुढच्या वळणावर ते थांबले, आमच्याकडे वळून पाहिले आणि खरोखरच्या काळजीने म्हणाले, "पोरांनो, एवढं वझं कशाला घिऊन आलासा?"