तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मूळव्याधच असेल न्हवं, अक्का?’

निपाणीत माझं मेडिकल आहे. दुकानात गर्दी असेल तेव्हा हा प्रश्न कधी येत नाही. विचारणारा पायरीपाशी घुटमळतो, शेवटचं गिऱ्हाईक गेलं की काउंटरवर वाकतो आणि दबक्या आवाजात म्हणतो, “अक्का, संडासला रगत पडालंय. मूळव्याधच असेल न्हवं? एक मलम द्या की.” बायका आल्या की बहुतेकदा “शेजारणीला होतंय” म्हणून सुरुवात करतात. आडून का होईना, त्या विचारतात याचं मला बरं वाटतं. काउंटरवर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

मूळव्याध असेलही. लालभडक रक्त पडणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा भेगच निघते. पण ते ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या मलाही नाही. हे मला माझ्या मामांमुळे कळलं.

मामा वेदगंगेकाठचे शेतकरी. थोडा तंबाखू, बाकी ऊस. वय तेव्हा 54. बाजारच्या दिवशी दुकानात यायचे, चहा घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, “पोरी, ते मोडाचं मलम दे एक.” मी द्यायचे. सात महिने दिलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात म्हणाले, बांधावरून चालताना दम लागतो, अंगात ताकद नाही. मी लोहाचं टॉनिक दिलं. मलम आणि टॉनिक एकाच पिशवीत घालून दिलं. फार्मसी शिकलेली बाई मी, पण त्या दोन वस्तू शेजारी ठेवताना मला काही सुचलं नाही. माणूस महिनोन्‌महिने रक्त घालवतोय आणि त्याच्या अंगातलं रक्त कमी होतंय, एवढं साधं गणित होतं.

मी एकही प्रश्न विचारला नव्हता. मामांना असलं कसं विचारायचं, असं मला वाटायचं. भाचीला असलं कसं सांगायचं, असं त्यांना वाटत होतं. नंतर कळलं, त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं, कुंथूनही पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, कधी नुसता शेंब आणि रक्तच पडायचं. ऊस कारखान्याला गेला की दाखवू, असं ते मामींना सांगत राहिले. शेवटी गोठ्यात चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन आठच्याही खाली होतं. इथल्या एका डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटानं तपासलं आणि मिनिटभरात गाठ हाताला लागली. पुढं दुर्बीण, तुकड्याची तपासणी, कर्करोगाचं निदान, बेळगावला पाच आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन. गाठ अगदी खाली होती, म्हणून पोटावर संडासची कायमची पिशवी बसली. मामा आज चालते-फिरते आहेत. तरी ते सात महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्या भागात एक गंमत नव्हे, अडचण आहे. मराठीत मूळव्याध, कानडीत मूलव्याधि. शब्द एकच. निपाणीतला माणूस बेळगावला गेला, डॉक्टरांनी “एष्टु दिनदिंद?” (किती दिवसांपासून?) विचारलं आणि त्याला बाकी काही सांगता आलं नाही, तरी हा एक शब्द दोन्हीकडे चालतो. म्हणून आपण तोच पुढं करतो आणि समोरच्यालाही तो लगेच पटतो. भिंतींवरच्या जाहिरातीही दोन्ही लिप्यांत तोच शब्द सांगतात. तुमच्याकडं माझी पहिली विनंती हीच आहे : डॉक्टरांपुढं बसल्यावर आजाराचं नाव सांगू नका. काय दिसलं ते सांगा. रंग कसा होता, रक्त आधी पडलं की नंतर, वरून होतं की मिसळलेलं, दुखलं की नाही, कधीपासून आणि कितीदा. कानडी येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या किंवा सोबत कानडी येणारं माणूस घ्या. लाजेपायी चारचौघांतलं कुणी नको असेल तर घरातलंच एखादं शाळकरी लेकरू चालतं, असं काहीजण करतात. पण तसं करू नका, मोठं माणूसच न्या. लेकरू अर्धं गाळून सांगतं.

आता रक्ताकडं बघूया. मूळव्याधीत साधारणपणे संडास झाल्यावर लालभडक रक्त थेंब थेंब गळतं, कधी पिचकारीसारखं उडतं, आणि दुखत नाही. दुखणं नसतं म्हणूनच माणूस वर्षानुवर्षं ढकलतो. भेगेचं, म्हणजे फिशरचं, याच्या उलटं. कडक खडा बाहेर पडताना काच फिरवल्यासारखी कळ येते, आग नंतर तास-दोन तास राहते, रक्त मात्र रेघेएवढंच. दिवसभर एका बैठकीत विड्या वळणाऱ्या बायका माझ्याकडं याच तक्रारीनं येतात. पुन्हा पुन्हा उठावं लागू नये म्हणून त्या पाणीच कमी पितात. पोट कडक होतं, भेग पडते, दुखण्याच्या भीतीनं त्या संडास दाबून धरतात आणि पोट आणखी कडक होतं. नवीन भेग बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येते. पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, रात्री इसबगोल आणि संडासनंतर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसणं एवढं नेमानं केलं तर. पण भेगच आहे हे आधी कुणीतरी बघितलेलं हवं. आणि मलमाचं म्हणाल, तर काही मलमांत स्टेरॉइड असतं. आठवडाभरासाठी दिलेलं मलम महिनोन्‌महिने लावलं की तिथली कातडी पातळ होते.

“उष्णता पडली असेल” हेही रोज ऐकते. संकेश्वरी मिरचीचा ठेचा खाल्ला, तांबडा रस्सा ओरपला, म्हणून रक्त पडलं. भेग असेल तर तिखटानं आग वाढते, हे खरं. पण तिखटानं रक्त येत नाही. सब्जा, ताक, सुरणाची भाजी खुशाल खा, त्यात वाईट काही नाही. फक्त त्यावर महिना घालवू नका.

रक्त मळात मिसळलेलं असेल, सोबत शेंब असेल, संडासची रोजची सवय बदललेली असेल, पोट साफ होत नाही असं सारखं वाटत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा थकवा येत असेल, तर ते आतड्याच्या आतलं सांगणं समजा. आतड्यांना सूज असते, गाठ असते, किंवा मांसाचे छोटे कोंब, म्हणजे पॉलिप असतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा अनेक वर्षं लागतात आणि दुर्बिणीतून तो काढून टाकता येतो. लवकर जायचं ते एवढ्याचसाठी. वय कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्याकडं पन्नाशीच्या आतलेही पुष्कळ रुग्ण सापडतात. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्यांना ज्या वयात झाला त्याच्या 10 वर्षं आधी किंवा चाळिशीला, जे आधी येईल तेव्हा, रक्त पडत नसलं तरी तपासून घ्यायचं असतं. मामांच्या मुलाचं वय 44 झालं की त्याला मी स्वतः घेऊन जाणार होते. पण त्याच्या बाबतीत चाळीस आधी येतं, म्हणून तो गेल्याच वर्षी जाऊन आला. एक पॉलिप निघाला, तिथंच काढला.

लाल रक्ताला माणूस घाबरतो, काळ्याला घाबरत नाही. खरं म्हणजे काळ्याला जास्त घाबरायला हवं. जठरात किंवा त्याच्या लगेच पुढं रक्त वाहिलं की खाली येईतो ते काळं होतं. डांबरासारखं काळं, चिकट, भयंकर वासाचं. असं व्हायला 50 ते 100 मिली रक्त पुरतं. आमच्याकडं याचं मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. गुडघा दुखतो, पाठ धरते, म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी उपाशीपोटी, रोज, महिनोन्‌महिने. त्यात हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर धोका आणखी वाढतो. लोहाच्या गोळीनंही संडास काळी होते, पण ती सहसा डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तसा घाण वास नसतो. बीट खाल्ल्यावर लाल दिसतं, त्यालाही घाबरायचं नाही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना रक्त पडलं, तर ती आपल्या मनानं बंद करू नका आणि गप्पही बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

लेकरांचं वेगळं असतं. पावसाळ्यात पाणी बदललं की आव होते, रक्तही पडतं, ताप येतो, मुरडा मारतो. त्या लेकराला जुलाब थांबवायची गोळी माझ्याकडं मागू नका, मी देणार नाही. ओआरएस पाजा आणि दाखवा. सहा महिने ते दीड वर्षाचं बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, पाय पोटाशी घेत असेल, उलट्या होत असतील आणि लंगोटात गुलकंदासारखं लाल चिकट काही दिसलं, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

मोठ्यांनीही लगेच निघायचे प्रसंग आहेत. खूप रक्त किंवा गुठळ्या पडतायत, डोळ्यांपुढं अंधारी येते, दरदरून घाम सुटतो, पोट दगडासारखं कडक होऊन असह्य दुखतंय, काळी चिकट संडास होतेय, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होतेय, तर 108 ला फोन करा. मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नका, माणूस वाटेत पडतो. बाकी कुणीही, रक्त एकदाच दिसलं आणि थांबलं तरी, आठवड्याभरात दाखवून या. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. मामांचंही मध्ये पंधरा-पंधरा दिवस थांबायचं.

खर्चाचं विचारता, तर पहिल्या भेटीत लागतं ते डॉक्टरांचं बोट, आत बघायची एक छोटी नळी आणि हिमोग्लोबिनची तपासणी. सरकारी दवाखान्यातही हे होतं. पुढं मोठं काही निघालं, तर आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि सरकारी दवाखान्यातून पुढं पाठवल्याची चिठ्ठी आधी घ्या. मामींना ही चिठ्ठी माहीत नव्हती. तिच्यासाठी त्यांना बेळगावहून एकदा परत यावं लागलं.

राहिली लाज. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, वरून चादर असते. बायकांनी बाई डॉक्टर मागावी, किंवा खोलीत सिस्टर हवी म्हणावं. कुणी नाही म्हणत नाही. तोंडानं श्वास घेतला की अंग सैल पडतं. मोजून एक मिनिट. मामा त्या दिवशी खोलीतून बाहेर आले, पायताण घालता घालता भिंतीला टेकले आणि मामींना म्हणाले, “एवढ्यासाठी मी अख्खा सीझन घालवला होय गं?”